नाचणी कधी पेरायची?

शेजारच्या काकींनी पहिल्यांदा विचारलं त्याला बरीच वर्षं झाली. नोव्हेंबरची शेवटची संध्याकाळ होती, आमच्या ओटीवरच्या मेजावर एक जांभळी मेणबत्ती जळत होती. काकी कोथिंबीर मागायला आल्या होत्या. मेणबत्तीकडे बघून म्हणाल्या, "गे बाय, तुमचो नाताळ पंचवीस तारखेक. मगे ही मेणबत्ती आतापासून कित्याक?"

मी म्हटलं, तयारी चाललीय. "कसली? नेवऱ्यांची?" त्यांनी सरळपणे विचारलं आणि माझी बोलती बंद झाली. कारण खरं सांगायचं तर त्या वर्षी माझी तयारी नेवऱ्यांचीच (करंज्यांचीच) होती. काकी कोथिंबीर घेऊन गेल्या. प्रश्न मात्र आमच्याच ओटीवर राहिला. त्याचं उत्तर आता जरा सावकाश देते. काकींसारख्या शेजाऱ्यांसाठी, आणि आमच्याच त्या लोकांसाठीही, ज्यांना लहानपणापासून हे सगळं पाठ आहे पण कुणी कधी उलगडून सांगितलेलं नाही.

नाताळाआधीच्या चार रविवारांनी जो काळ मोजला जातो तो आगमनकाळ. लॅटिनमध्ये ‘आदव्हेन्तुस’, म्हणजे येणं. हिशेब सोपा आहे: २५ डिसेंबरपासून मागे चार रविवार मोजा, चौथा जिथे लागेल तिथे आगमनकाळ सुरू. त्यामुळे सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येऊ शकते आणि काळाची लांबीही बदलते. २०२२ मध्ये नाताळ रविवारी होता, तेव्हा पुरते २८ दिवस मिळाले. २०२३ मध्ये तो सोमवारी आला आणि आगमनकाळ २२ दिवसांतच आटोपला. सकाळी चौथा रविवार आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना). त्या दिवशी चर्च सजवणाऱ्या मंडळींची जी तारांबळ उडाली ती विचारू नका.

आणखी एक गोष्ट आमच्यातल्याही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चर्चचं नवं वर्ष १ जानेवारीला नाही, याच पहिल्या रविवारी सुरू होतं. म्हणजे हा आमचा पाडवा. फक्त गुढी नाही आणि श्रीखंडही नाही.

कोकणात ‘आगमन’ म्हटलं की डोळ्यांपुढे गणपती येतो, आणि ते बरंच आहे, कारण त्यामुळे समजावणं सोपं जातं. गणपतीआधीचे पंधरा दिवस आठवा. पावसाने पायवाट गिळलेली असते. रान गुडघ्यापर्यंत वाढलेलं असतं. मग कुणीतरी कोयता घेऊन वाट मोकळी करतो, चाकरमान्यांच्या बॅगा आणि देवाची मूर्ती त्याच वाटेने यायची असते. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची गोष्ट वाचतात. त्याच्या तोंडी यशया संदेष्ट्याचे शब्द आहेत: अरण्यात परमेश्वराची वाट तयार करा. यशयाच्या मूळ उताऱ्यात तर पुढे दऱ्या भरून काढा, डोंगर सखल करा असंही येतं. घाटाखाली राहणाऱ्या माणसाला ते डोंगर सखल करणं म्हणजे काय काम आहे ते वेगळं सांगायला नको. वाट मोकळी करणं म्हणजे सजावट नव्हे. रान काढणं ही मेहनत असते, हाताला खाज सुटते, आणि फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं.

म्हणजे हा उपासाचा महिना का, असा पुढचा प्रश्न येतो. काकींनीही विचारला होता, "तुमचो श्रावण काय?" अर्धं हो, अर्धं नाही. एके काळी उपास होता. सहाव्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या माकों गावी भरलेल्या धर्मसभेने ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायला सांगितलं होतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही नाताळाआधी ४० दिवसांचा उपास असतो. केरळातल्या सीरियन परंपरेतल्या अनेक घरांत २५ दिवस मांस-मासे बंद असतात. आमच्या लॅटिन परंपरेत मात्र आता आगमनकाळात सक्तीचा उपास नाही. सुरमई जोरात असते त्या दिवसांत हे ऐकून किनाऱ्यावरच्या माणसाला हायसं वाटतं, हे मी कबूल करते.

पण उपास गेला तरी त्याच्यामागचा विचार गेला नाही, आणि तो कुठे टिकून आहे हे पाहिलं तर या काळाचं मर्म हाती लागतं. या चार आठवड्यांत धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो. वेदीवरची फुलं कमी होतात. आणि रविवारच्या मिस्सेतून एक गाणं काढून ठेवतात: ग्लोरिया. ‘देवाला गौरव, पृथ्वीवर शांती’ हे त्याचे सुरुवातीचे शब्द लूकच्या शुभवर्तमानातले (बायबलमधल्या येशूचरित्रातले), येशू जन्मला त्या रात्री देवदूतांनी मेंढपाळांपुढे गायलेले. म्हणजे हे नाताळचंच गाणं आहे. वर्षभर जवळजवळ दर रविवारी आम्ही ते म्हणतो. इतकं की कित्येकदा ओठ म्हणतात आणि डोकं दुपारच्या कालवणात असतं. आगमनकाळात ते थांबतं, मोठ्या सणांचा अपवाद सोडला तर. आणि मग २४ तारखेच्या रात्री घंटा वाजायला लागतात आणि ग्लोरिया परत येतं. ज्याने चार आठवडे त्याची उणीव जाणवू दिली त्याच्या अंगावर काटा येतो. ज्याने घरी १ डिसेंबरपासून नाताळची गाणी लावून ठेवली त्याला फारसं काही होत नाही.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधी, ‘आलेलुया’सुद्धा बंद असतं. आगमनकाळात ते चालूच राहतं. या एका फरकावरून दोन्ही काळांचा स्वभाव ओळखावा. तिथे पश्चात्ताप पुढे असतो. इथे आनंद आहे, पण राखून ठेवलेला.

‘राखणं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. पहिल्या रविवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचतात त्यात बाळ येशूचं नावही नसतं. वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात मत्तय, मार्क आणि लूक अशी पाळीपाळीने येतात, पण कुठलंही वर्ष असो, पहिल्या रविवारचा विषय जगाच्या शेवटाचा असतो आणि आज्ञा एकच: जागे राहा. मार्कच्या वर्षी दाखला येतो तो परगावी गेलेल्या मालकाचा. त्याने नोकरांना कामं वाटून दिलीत आणि दारावरच्या माणसाला सांगितलंय की तू जागा राहा. मी संध्याकाळी येईन, मध्यरात्री येईन, कोंबडा आरवताना येईन की पहाटे, ते तुला ठाऊक नाही.

लहानपणी मला हे ऐकून भीती वाटायची. जागं राहायचं म्हणजे डोळे ताणून बसायचं, झोप लागली की शिक्षा. ती भीती घालवली माझ्या वडिलांनी, तेही धर्मशिक्षण देताना नाही, शेतीच्या गोष्टी सांगताना. भात पिकायला आलं की ते माळ्यावर राखणीला जायचे. हातात पत्र्याचा डबा आणि काठी. रात्री रानडुकरं उतरायची. मी विचारलं होतं, रात्रभर झोप नाही यायची? ते म्हणाले, "डोळो लागलो तरी चलात, पण कान उघडे व्हये." पिकाची राखण करणारा माणूस घाबरलेला नसतो. तो आडवा होतो, विडी ओढतो, चांदण्या बघतो, मधेच डुलकीही काढतो. पण पाला वाजला की त्याला कळतं, कारण त्याचा एक कान शेतावर असतो. ‘जागे राहा’चा अर्थ मला तेव्हापासून असा लागतो. दिवसभर प्रार्थना म्हणत बसणं नव्हे. कामात असताना एक कान उघडा.

हा कान कशासाठी उघडा ठेवायचा? बाराव्या शतकातले संत बर्नार्ड यांनी याचं उत्तर नेमकं दिलंय. ते म्हणतात, प्रभूचं येणं तीन प्रकारचं आहे. एक झालेलं: बेथलेहेमात, माणसाच्या रूपात. एक व्हायचं आहे: काळाच्या शेवटी, वैभवात. आणि या दोहोंच्या मध्ये तिसरं, जे आत्ता चाललंय, गुपचूप, माणसाच्या आत. पहिलं इतिहासात आहे, ते आपण साजरं करतो. शेवटचं आपल्या हातात नाही. राहिलं ते मधलं. आगमनकाळातलं लक्ष, एकाग्रता, ध्यान, काय म्हणाल ते, हे या मधल्या येण्यावर ठेवायचं असतं, आणि गडबड नेमकी इथेच होते, कारण ते येणं वाजतगाजत होत नाही.

माझी गडबड कशी झाली ते सांगते. एका वर्षी मी ठरवलं, यंदा सगळं नीट करायचं. आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, डिसेंबर म्हणजे मोसम. म्हणून मी सगळं लवकर उरकायला घेतलं. १ डिसेंबरला गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडला. दिव्यांची माळ सोडली. धाकट्याने कापसात गुंडाळलेला बाळ येशू काढून गव्हाणीत ठेवला, मीही म्हटलं राहू दे, छान दिसतोय. पाच संकल्प वहीत लिहिले: रोज पहाटे वाचन, रोज तेर्स (जपमाळेची प्रार्थना), फोन बंद, गोड बंद, राग बंद. आणि करवंट्यांत नाचणी पेरली.

ही नाचणी काय भानगड आहे ते सांगायला हवं. गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून आमच्याकडे नाचणी किंवा गहू पेरतात. घटस्थापनेला धान पेरतात ना, तसंच. नाचणी रात्रभर भिजवायची, करवंटीत दोन बोटं माती घ्यायची, वर दाणे दाट पसरायचे, चिमूटभर भाताचा तूस टाकायचा आणि पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. तीन दिवसांत पांढरी टोकं दिसतात. दहा-बारा दिवसांत चार बोटं उंच, इतकं कोवळं हिरवं गवत होतं की तळवा फिरवावासा वाटतो. आजी दरवर्षी हे करायची आणि मी लवकर पेरायला गेले की हात धरायची. "आता पेरलंस तर नाताळाक पिवळा पडतला. थांब." त्या वर्षी थांब म्हणायला आजी नव्हती.

१२ डिसेंबरला माझी हिरवळ बघण्यासारखी होती. १८ ला ती एका बाजूला कलली. २४ ला बाळ येशूभोवती वाळलेलं, पिवळं, चिकटून बसलेलं काहीतरी होतं, आणि खालून कुबट वास येत होता. संकल्पांचं म्हणाल तर दुसऱ्या रविवारपर्यंत पाचापैकी चार गेले. राग बंद हा पहिल्याच दिवशी गेला, पाहुण्यांच्या गाडीने कुंड्या फोडल्या तेव्हा. २४ च्या रात्री आम्ही चर्चमध्ये उभे होतो, ग्लोरिया सुरू झालं, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच की एकदाचं झालं. २६ ला मी माळा उतरवल्या. चर्चच्या हिशेबाने नाताळचा काळ तेव्हा कुठे सुरू झाला होता. तो जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, मध्ये तीन राजांचा सण येतो. माझ्यासाठी तो सुरू होण्याआधीच शिळा झाला होता.

आंब्याच्या बागेत कल्टार घालतात ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे. झाडाला औषध द्यायचं, मोहोर लवकर येतो, आंबा लवकर बाजारात जातो. बागायतदाराचं पोट त्यावर आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण सणाला कल्टार घालून काय मिळतं? नाताळ लवकर आणता येत नाही. फक्त २५ तारीख येईपर्यंत आपण त्याला कंटाळलेले असतो.

तेव्हापासून मी संकल्प वाढवणं सोडलं आणि उलटं धरलं. काय करायचं यापेक्षा काय अजून करायचं नाही, हे ठरवायचं. गोठा मांडते, पण गव्हाणी रिकामी. बाळ येशू कपाटात, २४ च्या रात्रीपर्यंत. नाताळची गाणी १७ तारखेआधी घरात लावायची नाहीत. (हे नवऱ्याला मुळीच पटत नाही, तो गाडीत लावतो.) नेवऱ्या, कुलकुल, दोदोल हे सगळं तिसऱ्या रविवारनंतर, आणि डबा बंद. कुलकुल करताना मुलं काट्या-चमच्यावर पिठाची गोळी वळतात, बोटाला चिकटलेलं पीठ खातात, तेवढ्याला माफी.

रिकाम्या गव्हाणीचं काय करायचं याची एक जुनी पद्धत आहे, आणि लहान मुलांना ती लगेच कळते. भात कापून झालेलं असतं, घरोघरी नवा पेंढा असतो. दिवसात कुणासाठी काही चांगलं केलं, भांडण आपण होऊन मिटवलं, एखादी गोष्ट सोडली, तर रात्री पेंढ्याची एक काडी गव्हाणीत ठेवायची. कुणी, कशासाठी ठेवली ते सांगायचं नाही. २४ तारखेला बाळाखाली अंथरूण किती जाड झालं ते दिसतंच. आमच्याकडे एका वर्षी ते फारच पातळ झालं होतं, तेव्हा धाकट्याने गपचूप एक मूठभर पेंढा आणून टाकला. मी तो काढला नाही.

मेणबत्त्यांबद्दल थोडक्यात. चार मेणबत्त्यांचं गोल चक्र, दर रविवारी एक जास्त पेटवायची, ही पद्धत फार जुनी वाटते पण तशी नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न नावाचे लुथरन पाळक गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या. म्हणजे तेही एका प्रश्नाचं उत्तरच होतं. पुढे कॅथलिकांनीही ती पद्धत उचलली. जर्मनीत त्याला फर झाडाच्या डहाळ्या लावतात. आमच्याकडे काथ्याची मोठी चुंबळ वळायची आणि किनाऱ्यावरच्या सुरूच्या डहाळ्या खोचायच्या. काम तेच होतं आणि वास जास्त चांगला येतो. तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी पेटते तिसऱ्या रविवारी, ज्याला ‘गाउदेते’ म्हणतात, म्हणजे ‘आनंद करा’. संत पौलाने फिलिप्पैच्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले ते शब्द. अर्धी वाट संपली, जरा बसा, पाणी प्या, असा तो रविवार आहे.

१७ डिसेंबरपासून सूर बदलतो. तोवर वाचनांत प्रभूचं पुन्हा येणं, योहानाची हाक असं सगळं होतं; आता सरळ बेथलेहेमची वाट. १७ ते २३ या सात संध्याकाळी चर्चच्या सायंप्रार्थनेत सात प्राचीन हाका मारल्या जातात. प्रत्येक हाकेत ख्रिस्ताला एक नाव आहे: हे प्रज्ञे, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. आणि प्रत्येकीच्या शेवटी ‘ये’ अशी विनवणी. गंमत अशी की त्या सात नावांची लॅटिन आद्याक्षरं शेवटापासून उलटी वाचली तर ‘एरो क्रास’ असे दोन शब्द होतात: उद्या मी असेन, म्हणजेच उद्या मी येईन. सात दिवस माणसं ये, ये म्हणतात, आणि सातव्या दिवशी त्यांच्याच हाकांतून उत्तर निघतं. ही जुळवणी कुणी मुद्दाम केली की आपोआप झाली, मला त्याने फरक पडत नाही. मी त्या सात दिवसांत दुसरं काही वाचत नाही. मोबाइलवर रोज ढीगभर चिंतनं येतात, सकाळी सातपासून. ती सगळी चांगलीच असतात, आणि सगळी वाचली की एकही आठवत नाही. एक ओळ घ्यावी आणि मासळी साफ करताना ती मनात घोळवावी. हात कामात, एक कान शेतावर.

वाट पाहणं आमच्या भाषेला नवं नाही, हेही जाता जाता सांगते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेलं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, सुमारे ११००० ओव्यांचं. त्याचे दोन भाग आहेत, आणि ‘पैलें पुराण’ हा सबंध भाग ख्रिस्तजन्माच्या आधीचा आहे: जग निर्माण झालं तेव्हापासून तारणारा येईपर्यंतची वाट. हजारो ओव्या नुसत्या वाट बघण्याच्या. आम्हाला चार आठवडे जड जातात.

यंदा काकी परवाच आल्या होत्या, पहिली मेणबत्ती पेटली त्या संध्याकाळी. मेणबत्तीबद्दल आता विचारत नाहीत. गोठ्यात वाकून बघितलं, रिकामी गव्हाणी, रिकाम्या करवंट्या. "पेरलंस नाय अजून?"

"गुलाबी मेणबत्ती पेटली की."

"मगे इकतची आणू नको," म्हणाल्या. "माझ्याकडली घेऊन जा." त्यांच्या वरकशीतली नाचणी यंदा चांगली झालीय.